घरांतील वडील माणसांचे दांत

पौष महिन्यांत मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरास श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते व तिच्याबरोबर जनावरांचा बाजारही भरतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या बाजारांत, किंवा सांगोल्याच्या आठवडी बाजारांत, ज्यानें एखादा खिलारी खोंड विकत घेतला असेल त्यास ठाऊक आहे कीं, शिंगें, वशिंड, खूर, चाल हीं सारीं पाहून झालीं तरी सौदा पुढें सरकत नाहीं. गिऱ्हाईक जनावराचा खालचा ओंठ ओढून दांत पाहतो, आणि मगच रुमालाखालीं बोटें धरतो. आदत, दुसा, चौसा, सहादांती, जुळीव हे शब्द शाळेचें तोंड न पाहिलेल्या माणसासही पाठ असतात. पक्क्या दांतांची पहिली जोडी दोन वर्षांच्या सुमारास येते व चार-पांच वर्षांत आठही दांत पुरे होतात. पुढें ते झिजूं लागले म्हणजे भाव उतरतो. कारण उघड आहे. जें जनावर वैरण नीट चावूं शकत नाहीं त्याच्या अंगीं ती लागत नाहीं, व तें औतास टिकत नाहीं.

आमचे वडील या परीक्षेंत आमच्या पंचक्रोशींत नांवाजलेले होते. जोडी घ्यावयाची झाली म्हणजे लोक त्यांस मुद्दाम बाजारास घेऊन जात. आणि त्याच वडिलांच्या स्वतःच्या तोंडांत काय चाललें आहे, हें आमच्या घरांत तीन वर्षें कोणी पाहिलें नाहीं. हा लेख लिहिण्यास तेंच कारण झालें आहे. आम्ही वैद्य नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेले आहों, आणि आमचें शिक्षणही मराठी शाळेचें, बेताचेंच. परंतु या प्रकरणानंतर आम्हीं दंतवैद्यांस विचारून व जें वाचावयास मिळालें तें वाचून या विषयाची जी माहिती जमविली, ती आमच्या बागाईतदार व जिराईतदार बंधूंच्या उपयोगीं पडेल अशी आमची समजूत आहे.

वडिलांस मधुमेह होऊन दहा-बारा वर्षें झालीं होतीं. वय सत्तरीच्या पुढें. आरंभीं एका गोळीवर साखर ताब्यांत असे. पुढें ती वाढूं लागली. गोळ्या दोनाच्या तीन झाल्या, गूळ-साखर बंद केली, चहा कोरा केला, तरी साखर उतरेना. त्याच सुमारास डाव्या पायाच्या बोटास वहाणेचा चावा लागून जखम झाली, ती भरेना. जेवणही कमी झालें होतें. भाकरी ताटांत तशीच राही. आमटींत कुसकरून दोन घास खात व उठत. आई म्हणे, वयच झालें. आम्ही त्या वर्षीं दुष्काळाच्या याद्या व पंचनामे यांत गुंतलेलों, घरीं रात्रीं यावें, "आबा, जेवलांत का?" म्हणून विचारावें व निजावें. हिरडी दुखते, रक्त येतें, असें ते एक-दोनदां बोलले होते, पण लगेच स्वतःच म्हणत, "आरं, म्हातारपणीं दांत जायाचेच."

शेवटीं एके दिवशीं गाल सुजला व ताप भरला, तेव्हां दंतवैद्याकडे नेलें. त्यांनीं आरशानें व बारीक सळईनें तपासलें. खालच्या तीन दाढा मुळापासून हलत होत्या, हिरडी दांतापासून सुटून आंत खोल खिसे झाले होते, व त्यांत पू होता. आम्हीं बाहेरून पाहिलें असतें तरी निदान सूज आणि हलणारी दाढ आम्हांस दिसलीच असती. साखरेचा अंदाज घेऊन दाढा काढल्या, राहिलेल्या दांतांचें कीटण खरवडून साफ केलें, घासण्याची रीत शिकविली. पुढील चार महिन्यांत साखर उतरली. तीन गोळ्यांच्या दोन झाल्या. मात्र पायाचें बोट त्यापूर्वींच काढावें लागलें होतें. दांतांमुळेंच तें बोट गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं. मधुमेहाच्या पायाचीं कारणें पुष्कळ असतात. तथापि आधीं तोंडांत पाहिलें असतें तर, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

आतां हिरडीचा व साखरेचा संबंध काय, तो सांगतों. दांत व हिरडी यांच्या सांध्यावर अन्नाचा व सूक्ष्म जंतूंचा एक चिकट थर रोज बसतो. तो रोज काढला नाहीं तर त्याचें दगडासारखें कीटण बनतें, हिरडी सुजते, घासतांना रक्त येतें. येथवरचा रोग साफसफाईनें बरा होतो. पुढें तो हिरडीखालीं उतरून दांताभोंवतालचें हाड खातो. तें हाड पुनः पूर्ववत् भरून येत नाहीं. ही आंतली जखम हातावर वा पाठीवर असती तर घरच्यांनीं धांवाधांव केली असती. ती तोंडांत झांकलेली असल्यामुळें वर्षानुवर्षें वाहते. तिच्यामुळें सबंध शरीरांत एक प्रकारचा दाह चालूं राहतो, व त्या दाहानें इन्सुलिनचें काम मंदावतें, म्हणजे साखर चढते. उलट साखर चढलेली असली म्हणजे जंतूंशीं झुंजण्याची शक्ति घटते, जखमा भरत नाहींत, व हिरडीचा रोग जोरानें वाढतो. विहिरीचें पाणी आटलें म्हणून पीक वाळतें व पीक बुडालें म्हणून विहीर खोदण्यास पैसा उरत नाहीं, तसा हा फेरा आहे. हेराल्ड लो या दंतरोगतज्ज्ञांनीं 1993 सालीं हिरडीच्या या रोगास मधुमेहाचा सहावा उपद्रव असें नांव दिलें. डोळे, मूत्रपिंडें, मज्जातंतू वगैरेंच्या पंक्तीस त्यांनीं हिरडीस बसविलें. हिरडीवर नीट उपचार केल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो आंकडा रक्ततपासणींत येतो, तो सरासरीनें अर्ध्या टक्क्याहून किंचित कमी इतका उतरतो, असें अनेक प्रयोग एकत्र करून काढलेल्या हिशेबांत दिसून आलें आहे. हें उतरणें थोडें वाटेल. पण एखाद्या जादा गोळीनें जें साधतें त्याच्या जवळपास तें आहे.

हृदयविकाराविषयींही असेंच सांगण्यांत येतें. येथें आम्ही वाचकांस थोडें सावध करूं इच्छितों. ज्यांच्या हिरड्या खराब, त्यांच्यांत हृदयविकार अधिक आढळतो हें खरें. परंतु हिरडी सुधारल्यानें हृदयविकार टळतो हें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं, असें अमेरिकेच्या हृदयरोग संघानें 2012 सालीं स्पष्ट म्हटलें. तंबाखू, मधुमेह, वय हीं कारणें दोन्हीकडे समान असतात. तेव्हां "दांत काढा म्हणजे हृदय बरें होईल" असें कोणी सांगूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. ज्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे त्यांची गोष्ट मात्र निराळी. दांत काढतांना जंतु रक्तांत शिरतात व अशा झडपेवर वस्ती करतात. म्हणून त्यांनीं दंतवैद्यास आधीं सांगून प्रतिबंधक औषध घेतल्यावांचून दांतास हात लावूं देऊं नये.

खाण्याची गोष्ट आम्हां सोलापूरकरांस अधिक लागू आहे. आपलें अन्न ज्वारीचें. मालदांडीची भाकरी ताजी असली तरी तिला दाढ लागते, आणि कडक भाकरी व शेंगांची चटणी हें तर या जिल्ह्याचें भूषणच. दाढा गेलेला म्हातारा काय करतो? प्रथम कडक भाकरी सुटते, मग शेंगा, मग कांदा, मुळा, गाजर, पेरू, हरभऱ्याचे घाटे, हुरडा. भाकरी चहांत किंवा आमटींत कालवून पोटांत जाते, नाहीं तर दुकानांतलीं गोड बिस्किटें येतात. पोट भरतें, पण जीं द्रव्यें स्नायु राखतात तीं डाळी-शेंगदाण्यांत असतात, आणि पोट साफ राखणारा चोथा भाजीपाल्यांत असतो. दोन्हीही ताटांतून गेलेलीं असतात. त्यांतून वजन घटतें, मांड्या बारीक होतात, उठतांना हात टेकावा लागतो, तोल जाऊन माणूस पडतो. मऊ व गोड खाण्यानें मधुमेही माणसाची साखरही चढते. घरचीं माणसें याला "अन्न तुटलें" म्हणतात. कित्येकदां तुटलेलें असतें तें अन्न नसून चावण्याचें साधन असतें. अशा माणसास दांत बसेपर्यंत मुगाचें वरण, ताक, दूध, शिजवून घोटलेली पालेभाजी, शेंगदाण्याचें बारीक कूट, चालत असल्यास अंडें, असें द्यावें. नुसत्या चहा-बिस्किटांवर ठेवूं नये.

आम्ही महसुली माणूस असल्यामुळें आम्हांस यांत पैसेवारी आठवते. गांवची पैसेवारी 50 पैशांच्या आंत आली म्हणजे टंचाईच्या सवलती लागूं होतात. तोंडांत बत्तीस दांत धरले तर सोळा म्हणजे पन्नास पैसे. विनोद बाजूस ठेवला तरी असा आंकडा खरोखरीच ठरविलेला आहे. चांगलें चावून खाण्यास सुमारें वीस दांत पुरतात असें धरून जपान देशानें 1989 सालीं ऐंशीव्या वर्षीं वीस दांत टिकविण्याची चळवळ सुरू केली. त्या काळीं तेथील ऐंशीच्या माणसांत दहांत एकाच्या तोंडींही वीस दांत नसत. 2016 च्या पाहणींत निम्म्याहून अधिकांच्या तोंडीं ते आढळले. म्हणजे "म्हातारपणीं दांत जायाचेच" हें वाक्य आमच्या वडिलांनीं म्हटलें व आम्हीं मानलें, तें निसर्गाचा नियम नव्हतें.

याच जपानांत दुसरीही एक गोष्ट पाहिली गेली, ती अंथरुणास खिळलेल्या वृद्धांविषयींची आहे. म्हाताऱ्या माणसास न्यूमोनिया होतो तेव्हां आपण थंडी बाधली म्हणतों. पुष्कळदां कारण निराळें असतें. गिळण्याची शक्ति मंदावली म्हणजे झोंपेंत लाळ अन्ननलिकेंत न जातां थोडी थोडी श्वासनलिकेंत उतरते, आणि घाणेरड्या तोंडांतली लाळ म्हणजे जंतूंचें पाणीच. 2002 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत वृद्धांच्या 11 निवासांतील माणसांचे दोन गट केले होते. एका गटाचें तोंड सेवकांनीं प्रत्येक जेवणानंतर घासून साफ ठेवलें, दुसऱ्या गटाचें नेहमींप्रमाणें चालूं दिलें. दोन वर्षांत दुसऱ्या गटांत शेंकडा 19 जणांस न्यूमोनिया झाला, तर पहिल्यांत शेंकडा 11 जणांस. ज्यांच्या तोंडांत एकही दांत नव्हता त्यांसही या साफसफाईचा फायदा दिसला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण बोळक्या तोंडास काय घासावयाचें, असें आपल्याकडे सर्रास म्हणतात. कवळी लावून निजणाऱ्यांविषयींही तसेंच. सरासरी सुमारें 88 वर्षांच्या वृद्धांच्या पाहणींत, रात्रीं कवळी तोंडांत ठेवून निजणारांस न्यूमोनियाचा धोका दुप्पटीच्या घरांत दिसला. रात्रीं कवळी काढून, ब्रशानें घासून, साध्या पाण्यांत ठेवावी. उकळत्या पाण्यांत टाकूं नये, ती वाकडी होते.

अंथरुणास खिळलेल्या माणसाचें तोंड साफ करण्याची रीत एका परिचारिकेनें आम्हांस दाखविली. उशांचा आधार देऊन डोकें उंच व थोडें एका बाजूस कलतें करावें, म्हणजे पाणी घशांत जात नाहीं. दांत असल्यास मऊ ब्रश घ्यावा. नसल्यास बोटाला स्वच्छ ओलें फडकें गुंडाळून हिरड्या, गालांच्या आंतल्या बाजू, टाळू व जीभ हळूं पुसाव्या. हें दिवसांतून दोनदां करावें. सून-मुलगी हें करिते तेव्हां म्हाताऱ्या माणसास प्रथम संकोच वाटतो. आठ दिवसांनीं ते स्वतःच आठवण देतात.

आतां मिश्रीकडे वळूं. हा विषय आमच्या पुरुष वाचकांस बायकी वाटेल, पण आमच्या जिल्ह्यांतील किती घरांत सकाळीं चुलीवर तवा ठेवून तंबाखू काळी होईपर्यंत भाजली जाते, हें ज्यानें त्यानें आपल्या घरांत पाहावें. दांत दुखतो म्हणून एखादी सासुरवाशीण ती लावूं लागते. दुखणें तेवढ्यापुरतें बधिर होतें, व लत मात्र जन्माची लागते. दुपारीं, जेवणावर, निजतांना असें दिवसांतून चार-पांच वेळां ती हिरडीला चोळली जाते. दांत त्यानें स्वच्छ होत नाहींत; तंबाखूचा रस हिरडींत व गालांत मुरतो. टूथपेस्ट व दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारनें 1992 सालींच मनाई केली, पण घरच्या तव्याला कोणता कायदा लागणार! पुरुषांची गोष्ट तर बोलावयासच नको. त्यांच्या कमरेला चंची व खिशांत पुडी. विडी ओढणारांच्या हिरडींतून रक्तही कमी येतें, त्यामुळें रोग आंत वाढत असूनही तोंड निरोगी आहेसें वाटतें.

यापुढचें नांव कर्करोगाचें. आपल्याच जिल्ह्यांत, बार्शीस, 1987 सालीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गांवें तिच्यांत घेतलीं. आम्ही नोंदी ठेवण्यांत जन्म घालविलेला असल्यामुळें या कामाचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. कारण दवाखान्यांत येईल तेवढ्याचीच नोंद करावयाची असें न करतां, त्यांचीं माणसें गांवोगांव हिंडून लोकांस भेटत, लक्षणें समजावून सांगत व संशयित रोग्यास तपासणीस आणवीत. तोंडाचा कर्करोग हा वास्तविक डोळ्यांनीं दिसणारा रोग आहे. पोटांतल्या रोगासारखें त्याला यंत्र लागत नाहीं. गालांत किंवा हिरडीवर पांढरा अथवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा फोड, गांठ, तोंड पूर्ण न उघडणें, हीं त्याचीं किंवा त्याच्या पूर्वस्थितीचीं चिन्हें होत. आपलीं तीन बोटें उभीं धरून दांतांच्या मधें जातात कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें पाहावें. लवकर सांपडल्यास तो बहुधा बरा होतो. उशिरां सांपडल्यास जबडा काढावा लागतो. आमच्या आईनें वडिलांच्या प्रकरणानंतर मिश्री सोडली. तिच्या गालांत पांढरा चट्टा निघाला होता. त्याचा तुकडा काढून तपासला, सुदैवानें त्यांत कांहीं निघालें नाहीं. सोडल्यावर पहिले पंधरा दिवस तिनें घरांत कोणाशीं धड भाषण केलें नाहीं, हेंही येथें नमूद करणें भाग आहे.

घरच्या वडील माणसाचें तोंड पाहण्यास विशेष कांहीं लागत नाहीं. महिन्यांतून एकदां सकाळच्या उन्हांत अंगणांत बसवावें, कवळी असल्यास काढावयास सांगावी, व गाल, हिरड्या, टाळू, जिभेची खालची बाजू क्रमानें पाहावी. हिरडी गुलाबी आहे कीं लालजांभळी, दांत हालतो का, अन्न कोठें अडकतें, तोंडास दुर्गंधि येते का, एवढें पाहिलें तरी पुरें. वडिलांचा ओंठ आपण ओढून पाहावा यांत कांहींजणांस अमर्यादा वाटेल. आम्हांसही वाटली होती.

घासण्याविषयीं थोडकें सांगतों. मऊ ब्रश व फ्लोराइड असलेली पेस्ट, सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं. दोहोंपैकीं रात्रींचें घासणें अधिक महत्त्वाचें, कारण झोंपेंत लाळ कमी होते. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी वापरणारांनीं ती चावून मऊ करावी व हळूं फिरवावी. विटकरीची पूड, कोळसा, राख, वाळू यांनीं दांत झिजतात. हिरडीस रक्त येतें म्हणून घासणें बंद करूं नये. रक्त येतें तेथेंच घासण्याची गरज असते.

औषधांची गोष्ट शेवटीं राहिली, पण ती कमी महत्त्वाची नव्हे. रक्तदाबाच्या, झोंपेच्या व मनाच्या विकारांवरील पुष्कळ गोळ्यांनीं तोंडास कोरड पडते, व लाळ आटली कीं दांत मुळाशीं झपाट्यानें किडतात. अशांनीं घोट घोट पाणी प्यावें. खडीसाखर वा गोळ्या चघळूं नयेत. रक्तदाबावरील अम्लोडिपिन या गोळीनें कांहींच्या हिरड्या फुगतात. रक्त पातळ ठेवण्याचें औषध घेणाऱ्यानें दांत काढण्यासाठीं तें आपण होऊन बंद करूं नये. दांत काढून येणाऱ्या रक्तापेक्षां पक्षाघाताचा धोका मोठा असतो. हाडें मजबूत करण्याचीं इंजेक्शनें घेत असल्यास तेंही सांगावें, कारण दांत काढल्यावर जबड्याचें हाड न भरण्याचा संभव असतो. आणि मधुमेहाच्या डॉक्टराकडे जाल तेव्हां, त्यांनीं विचारलें नाहीं तरी, हिरडीस रक्त येतें हें सांगावें. आमच्या डॉक्टरांनीं विचारलें नव्हतें व आम्हींही सांगितलें नव्हतें.

सोलापुरांत डॉ. वैशंपायन स्मृति शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, ज्याला सर्व लोक सिव्हिल म्हणतात, तेथें दांतांची तपासणी होते. केगांव येथें दंतवैद्यक महाविद्यालयही आहे. अशा महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखालीं काम करतात, त्यामुळें वेळ अधिक लागतो पण खर्च बेताचा येतो. वृद्धांस उपाशीं नेऊं नये, विशेषतः मधुमेह्यास. नेहमींची न्याहारी व गोळी देऊनच न्यावें. बरोबर आधार कार्ड, शिधापत्रिका, साखरेचे मागील तपासणीचे कागद व चालू औषधांचीं पाकिटें एका पिशवींत घ्यावीं; नांवें तोंडपाठ सांगूं नयेत, पाकिटेंच दाखवावीं. सुगीच्या दिवसांत जमणार नसेल तर ज्वारीची काढणी उरकल्यावर, उन्हाळा कडक होण्याआधीं जावें. वडिलांस पुढें कवळी बसली तेव्हां हुरड्याचे दिवस होते. त्यांनीं पहिल्या दिवशीं कवळी काढून ठेविली व हुरडा हिरड्यांनींच चघळला, दुसऱ्या दिवशींही तसेंच केलें. तिसऱ्या दिवशीं मात्र ती लावून शेकोटीजवळ येऊन बसले आणि शेंगांची चटणी मागितली.